संत्र्याचा सुगंध आणि त्याचे भाऊबंद

वाचकहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. सुगंधालाही इतिहास असतो असे म्हटले, तर पुष्कळांना तो कल्पनाविलास वाटेल. गंध हवेत विरून जातो. त्याचा ना ताम्रपट निघत, ना शिलालेख. तरीही माणसाने गंधांविषयी लिहून ठेवले आहे, त्यांची एकमेकांशी तुलना केली आहे, आणि राजदरबारांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र खातीही चालविली आहेत. म्हणून या लेखात आपल्या विदर्भाच्या ओळखीच्या अशा एका गंधाचा, म्हणजे संत्र्याच्या गंधाचा, शोध घेण्याचे योजिले आहे.

प्रश्न साधा आहे. संत्रे सोलले की मन प्रसन्न का होते? लिंबू कापले की आपण सावध का होतो? मोसंबीच्या वासाने आजाऱ्याची खोली का आठवते? ही सारी एकाच कुळातील फळे. मग त्यांच्या गंधांचे स्वभाव इतके निराळे का? हा स्वभाव फळाच्या सालीत असतो, की आपल्या मनात, की आणखी कोठे?

प्रथम या कुळाची वंशावळ पाहू. शास्त्रज्ञांनी २०१८ साली या फळांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे, म्हणजे आसाम, ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत या टापूत आहे. आज आपण खातो त्या बहुतेक फळांचे मूळ तीन घराण्यांकडे जाते : महाळुंग, पपनस आणि मँडरिन. आपले संत्रे हे मँडरिन घराण्यातले. पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून आंबट नारिंग जन्मले. मोसंबीतही याच दोन घराण्यांचे रक्त आहे. कागदी लिंबाच्या एका बाजूला महाळुंग आहे, आणि दुसऱ्या बाजूला आग्नेय आशियातील एक रानटी जात. ज्या जंभेरीच्या खुंटावर आपल्याकडे संत्र्याचा डोळा बांधतात, ती जंभेरी मँडरिन आणि महाळुंग यांची संतती. म्हणजे आपल्या बागेतले संत्र्याचे झाड आपल्या एका भाऊबंदाच्या पायांवर उभे असते!

आता साल पाहू. संत्र्याची साल दुमडून दाबली की बारीक तुषार उडतात. लहानपणी हे तुषार भावंडांच्या डोळ्यांत उडविले नाहीत असा वाचक विरळा. ते तुषार म्हणजे सालीतल्या सूक्ष्म पिशव्यांतले तेल होय. या तेलात सुमारे नऊ-दशांश भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. हेच लिमोनीन मोसंबीत असते, नारिंगातही असते, आणि लिंबाच्या तेलातही निम्म्याच्या आसपास असते. अर्थात गंधाची ओळख या मोठ्या वाट्यावरून ठरत नाही, ती उरलेल्या लहान वाट्यावरून ठरते. लिंबात सायट्रल नावाचे द्रव्य असते. त्याने लिंबाच्या वासाला धार येते. गवती चहाच्या वासाचा आधारही हेच सायट्रल, म्हणून गवती चहा लिंबाची आठवण करून देतो. संत्र्यात सायट्रल नाममात्र असते. तेथे अल्डिहाइड वर्गातली आणि इतर द्रव्ये अत्यल्प प्रमाणात राहून त्याला गोडवा व उबदारपणा देतात.

येथे कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. लिंबाला धार आहे म्हणून ते सावध करते आणि संत्र्याला गोडवा आहे म्हणून ते आनंद देते. परंतु इतिहासाकडे पाहिले म्हणजे हे उत्तर अपुरे असल्याचे ध्यानात येते. कारण एकाच गंधाचा अर्थ देशोदेशी आणि काळानुसार पालटत गेलेला आहे.

या कुळातला वडीलधारा गंध महाळुंगाचा. त्यात रस थोडा, साल जाड. त्याचे मोल मुख्यतः गंधासाठी. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या एका हातात महाळुंग आहे. यहुदी लोक सुक्कोथच्या सणात हेच फळ हातात धरून प्रार्थना करतात, आणि आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजालाही ते परिचित आहे. अरबीत त्याला उत्रुज्ज म्हणतात, फारसीत तुरुंज. हदीसमध्ये कुराणाचे पठण करणाऱ्या श्रद्धावंताला याच फळाची उपमा दिली आहे, कारण त्याचा गंधही उत्तम आणि चवही उत्तम. पठण न करणाऱ्या श्रद्धावंताला खजुराची उपमा आहे : गोडी आहे, पण सुवास नाही. बोलणे आणि असणे यांचा मेळ समजावून सांगण्यासाठी गंध आणि चव यांची अशी तुलना करावी, यातच त्या काळी या गंधाला केवढा मान होता हे दिसते. तीन धर्मपरंपरांत महाळुंगाच्या गंधाची भावना एकच, आदराची. तो खेळकर गंध नव्हे; तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा आहे.

युनानी वैद्यकात औषधांचा एक वर्ग आहे, मुफर्रिह. म्हणजे चित्त प्रफुल्लित करणारी औषधे. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी हृदयावरील औषधांसंबंधी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला, आणि तुरुंजाच्या सालीची गणना अशा मनाला उभारी देणाऱ्या द्रव्यांत झाली. सुगंधाचा आणि मनःस्थितीचा संबंध हा आजचा शोध नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

महाळुंगानंतर जगभर फिरले ते आंबट नारिंग. आपल्या ‘नारंग’ या संस्कृत शब्दाचा फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारांहा’ आणि पुढे इंग्रजीत ‘ऑरेंज’ झाला. शब्दाबरोबर झाडही गेले. अरबांनी ते भूमध्य समुद्राच्या काठाने नेत स्पेनमध्ये रुजविले. कॉर्डोबाच्या जुन्या मशिदीच्या अंगणाला आजही ‘नारिंगांचे अंगण’ म्हणतात, जरी तेथील आजची झाडे नंतरच्या काळात लावलेली आहेत. या झाडाची कीर्ती फळापेक्षा फुलासाठी अधिक. नारिंगाच्या फुलाचा गंध सालीच्या गंधाहून अगदी वेगळा. त्यात मोगऱ्यात असतो तो इंडोल नावाचा घटकही किंचित असतो. म्हणून तो गंध हसरा नसून हळवा आहे. फुलांपासून काढलेला अर्क-ए-बहार आपल्याकडच्या हकिमांच्या दवाखान्यांतून पिढ्यान् पिढ्या दिला जात असे. युरोपात हेच फूल वधूच्या केसांत आले.

अठराव्या शतकाच्या आरंभी योहान मारिया फारिना नावाचा इटालियन गृहस्थ जर्मनीतील कोलोन शहरी राहत होता. त्याने लिंबू, नारिंग, बर्गामोट आणि त्यांची फुले यांच्या तेलांपासून एक हलके सुगंधी पाणी बनविले. १७०८ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या गंधाचे वर्णन केले, ते घटकद्रव्यांचे नाही. तर पाऊस पडून गेल्यानंतरच्या आपल्या मायदेशातील वसंतातल्या सकाळीचे. परमुलखात राहणाऱ्या माणसाने बाटलीत आपले गाव भरून ठेवले! पुढे ‘ओ दे कोलोन’ या नावाने ते जगभर गेले. ते विकत घेणाऱ्या लाखो लोकांनी इटली पाहिलीही नव्हती. त्यांना त्यात केवळ ताजेपणा मिळाला. गंध तोच, भावना निराळी.

आता आपल्या देशाकडे वळू. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील या कुळाच्या फळांची जणू नोंदवहीच ठेवली आहे : नारंज, लिंबू, तुरुंज, संतरा, गलगल, जंबीरी अशी अनेक नावे त्यात येतात. पोर्तुगालमधील सिंत्रा गावावरून ‘संत्रा’ शब्द आला, असे पूर्वी काही लोक म्हणत. पण सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतच बाबर हे नाव उत्तर हिंदुस्थानात ऐकतो, त्यावरून ती व्युत्पत्ती पटण्यासारखी नाही. ‘संगतरा’ या रूपात ‘संग’ म्हणजे दगड येतो. इतक्या नाजूक फळाला हे नाव शोभत नाही म्हणून मुहम्मदशाह बादशहाने त्याला ‘रंगतरा’ म्हणावे असे फर्माविले, अशीही आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, या फळाकडे पाहण्याची त्या काळची दृष्टी तीत दिसते : हे फळ रंगाचे आणि आनंदाचे.

अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही खुशबूखान्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात ‘योत-लोहारा’ नावाचा परगणाही येतो. वाचकहो, हे योत म्हणजे आपले यवतमाळ, आणि लोहारा आजही शहराला लागून आहे. दक्षिणेत विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (कारकीर्द १५८० ते १६२७) काळी ‘इत्र-ए-नवरसशाही’ हा सुगंधशास्त्रावरील ग्रंथ रचला गेला. या सुलतानाला नवरसांचे अतोनात वेड. संगीत आणि काव्याप्रमाणे सुगंधाचाही मनाच्या रसांशी संबंध जोडावा, ही कल्पना त्या दरबारात सहज रुजली.

मात्र संत्र्याच्या बाबतीत अत्तारांची एक अडचण होती. गुलाब, केवडा, खस यांचा गंध भपक्यातून काढून चंदनाच्या तेलात मुरविता येतो आणि तो दिवसभर टिकतो. संत्र्याच्या सालीचा गंध फार चंचल. तो सर्वांआधी येतो आणि सर्वांआधी निघून जातो. म्हणून तो अत्तराच्या कुपीत कधी मोठा झाला नाही. तो बागेत, बाजारात आणि घरातच राहिला. त्याला खानदानी ऐट आली नाही, आणि कदाचित म्हणूनच तो सर्वांचा झाला.

हे फळ विदर्भात आले, ते नागपूरकर भोसल्यांच्या काळी. दुसऱ्या रघुजीराजांनी (कारकीर्द १७८८ ते १८१६) औरंगाबादेहून संत्र्याची रोपे आणून नागपुरात लावली, असे परंपरेने मानले जाते. त्या वेळचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे मोगलकालीन बागांचे शहर होते. तेथून निघालेले झाड नागपूर, अमरावती, वर्धा अशा मार्गाने काळ्या जमिनीत पसरले, आणि आपल्या जिल्ह्यातही नेर, दारव्हा अशा भागांत त्याच्या बागा उभ्या राहिल्या. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आपला जिल्हा मूळचा कापसाचा. १८६४ साली हा जिल्हा वेगळा झाला, पुढे बरीच वर्षे त्याचे नाव वणी असे होते, आणि १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. या साऱ्या काळात येथील अर्थकारण पांढऱ्या सोन्याभोवती फिरले. आता पाहा, आंबिया बहाराचे संत्रे झाडावर पिवळे होऊ लागते ते दिवाळीच्या पुढेमागे, आणि थंडीभर ते बाजारात असते. हाच कापूस वेचणीचा आणि विक्रीचा काळ. शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदा पैसा येतो, देणी फिटतात, लग्ने ठरतात, नवे कपडे येतात. बाजारातून परतताना पिशवीत संत्री येतात. बागवानाच्या हातगाडीवर त्यांचे मनोरे उभे राहतात. उन्हात बसून सारे घर ती सोलते. साली वाळवून त्यांची पूड उटण्यासाठी ठेवली जाते. आपल्या पिढ्यांनी संत्र्याचा गंध घेतला तो अशा सुखाच्या घडीला. म्हणून आपल्याकडे त्याचा स्वभाव आनंदाचा, पाहुणचाराचा आणि वाटून खाण्याचा आहे. संत्र्याच्या फोडी तर जणू वाटण्यासाठीच केलेल्या असतात!

लिंबाचे तसे नाही. लिंबू आपण गरजेला आठवतो. ऊन लागले, चक्कर आली, एस.टी.त मळमळले, दृष्ट लागली, हातांना मासळीचा वास राहिला, की लिंबू. त्याचा वास सावध करतो, कारण आपण त्याला नेहमी पहाऱ्यावर ठेवले. पुढे भांड्यांच्या साबणाने त्याला मोरीत नेऊन बसविले, आणि आजच्या मुलांना लिंबाचा वास म्हणजे ‘स्वच्छ’ एवढेच कळते. मोसंबीचे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून पडले. ती आंबट नाही, पोटाला सोसते, म्हणून रुग्णालयात जाताना आपण ती नेतो. तिचा सौम्य गंध त्यामुळे काळजीचा आणि मायेचा झाला. चीनमध्ये नववर्षाला मँडरिनची फळे शुभ म्हणून देतात, युरोपात नाताळच्या दिवसांत मुलांना संत्री देण्याची चाल होती. तेथेही हे फळ थंडीतले आणि सणातले, आणि तेथेही त्याचा गंध आनंदाचाच आहे.

आधुनिक विज्ञान याला बळकटी देते. गंधाचा संदेश मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोहोचतो. नाकातील गंधग्राहकांच्या शोधासाठी लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००० साली व्हिएन्नातील संशोधकांनी दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात संत्र्याचा गंध दरवळत ठेवला, तेव्हा स्त्री-रुग्णांची चिंता कमी झालेली आढळली. परंतु २०१० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी असाच प्रयोग केला, तेव्हा असा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ काय? तेलाला अंगचा गुण असेल. पण केवळ तेल हवेत सोडल्याने आनंद येईलच असे नाही. ऐकणाऱ्याला भाषा यावी लागते, तशी हुंगणाऱ्यापाशी आठवण असावी लागते.

सुज्ञ वाचकहो, येथेच आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न उभा राहतो. संत्र्याला फुले आणण्यासाठी झाडाला ताण देतात. आंबिया बहारासाठी थंडीत काही आठवडे पाणी तोडायचे, पाने मलूल होऊ द्यायची, आणि मग पाणी सोडायचे. त्यानंतर झाड फुलांनी पांढरे होते आणि साऱ्या शिवारात सुवास दरवळतो. हा सुवास तहानेतून आलेला असतो. पण ताण आणि टंचाई यांत अंतर आहे. ताण शेतकरी मोजून देतो, आणि पाणी हाती आहे या भरवशावर देतो. टंचाई कोणाला विचारून येत नाही. विहिरी आटल्या, भूजल खोल गेले, डिंक्या आणि कोळशी यांनी झाडे पोखरली, फळगळ झाली, भाव पडले, की शेतकरी पोटच्या पोरासारखी वाढविलेली बाग स्वतःच्या हाताने तोडतो. वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात पाण्याचा उपसा किती खोल गेला हे सर्वश्रुत आहे. अलीकडे बांगलादेशाने आयात शुल्क वाढविल्याने तेथील बाजारपेठही आवळली गेली. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, त्या जिल्ह्यात बाग तुटणे ही केवळ एका पिकाची गोष्ट राहत नाही.

संत्र्याचा गंध जगातून नाहीसा होणार नाही. रस काढणारे कारखाने सालीतून तेल काढतात, आणि ते साबणात, गोळ्यांत, खोली सुवासिक करणाऱ्या फवाऱ्यांत जाते. पुढच्या पिढीला तो गंध बाटलीत खुशाल मिळेल. प्रश्न असा आहे की त्याचा अर्थ तिला काय लागेल? ज्या मुलाने संत्रे बागेत पाहिले, चार जणांत वाटून खाल्ले, त्याला तो गंध सुगीचा वाटेल. ज्याच्या घरची बाग तुटली, त्याला तोच गंध दुःखाचा वाटू शकेल. आणि ज्याने केवळ फवारा पाहिला, त्याला तो मोटारीच्या डॅशबोर्डचा वास वाटेल. लिंबाचे असे झालेले आपण पाहिलेच आहे.

तात्पर्य, गंधाचा स्वभाव थोडा सालीत असतो आणि बराचसा माणसांच्या दिवसांत. तो दरवेळी नव्याने घडतो, आणि घडविणारे हात शेतकऱ्याचे, कलम बांधणाऱ्याचे, तोडणाऱ्या मजुराचे आणि हातगाडीवर मनोरे रचणाऱ्या बागवानाचे असतात. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून या घरांतली मुले शिकत आहेत. त्यांच्यापैकी कोणी पाण्याचा अभ्यास करावा, कोणी मातीचा, कोणी झाडांच्या रोगांचा, कोणी सालीच्या तेलावर गावातच चालणाऱ्या उद्योगाचा. हेही इतिहासाचेच काम आहे. फरक एवढाच की ते पुढच्या दिशेने करायचे आहे.

यंदाच्या थंडीत, वाचकहो, संत्रे सोलाल तेव्हा साल लगेच टाकू नका. क्षणभर ती दाबून पाहा. आसामच्या डोंगरापासून औरंगाबादच्या बागांपर्यंत आणि तेथून आपल्या काळ्या मातीपर्यंत आलेली एक लांबची वाट त्या तुषारांत आहे. ती वाट आपल्या जिल्ह्यात संपू नये, एवढीच इच्छा.